बनगरवाडीची चाळीस वर्षं

कडेगावहून कराडकडं निघालं की कृष्णेचा ऊस भेटतो. विट्याकडं निघून येरळा ओलांडली की रान तांबूस होत जातं, माळ लागतात आणि भिवघाटाच्या पलीकडं आटपाडी, म्हणजे माणदेश. आमचं गाव या दोन मुलखांच्या मध्ये. त्यामुळं दिवाळी सरली की माणदेशातल्या धनगरांचे कळप आमच्या शिवारातून खाली कृष्णाकाठाला उतरायचे आणि मिरगाच्या आधी पुन्हा वर चढायचे. आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्यांची मेंढरं रानात बसवून घ्यायचे. चार-आठ रात्री कळप बसला की रानाला वर्षाचं खत मिळायचं. त्याबद्दल धनगरांना जोंधळा द्यायचा, कधी पैसे. रात्री मेंढरांभोवतीच्या वाघरीशेजारी जाळ पेटायचा, धनगर गोष्टी सांगायचे, आबा ऐकायचे. पुढं आबा त्याच गोष्टी आम्हांला सांगायचे. माणदेश मला असा आधी कानानं कळला. वाचला नंतर, आणि पडद्यावर पाहिला तो सगळ्यांत शेवटी.

आबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी एका आडबाजूच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत काढली. पोरं मेंढरांमागं गेलेली, शाळेत शेरडं बांधलेली, मास्तरानं आधी शाळा झाडायची आणि मग पोरं गोळा करायची. संध्याकाळी वाडीतली माणसं कागद घेऊन यायची. कुणाचं कोर्टाचं समन्स, कुणाच्या पोराचं मुंबईहून आलेलं कार्ड, कुणाची मनिऑर्डर. ‘बनगरवाडी’ पुस्तकाला आबांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला ते पुस्तक दाखवून म्हणायचे, “ह्यातला मास्तर म्हंजी मीच.” लहानपणी मला ते अक्षरशः खरं वाटायचं. पुढं कळलं की सातारा-सांगली भागातले त्या पिढीतले कितीतरी मास्तर असंच म्हणत. व्यंकटेश माडगूळकरांनी स्वतः कोवळ्या वयात औंध संस्थानात मास्तरकी केली होती. माणदेशातली माणसं लेंगरेवाडीकडं बोट दाखवून सांगतात, हीच बनगरवाडी. आबांचा दावा मला आजही खोटा वाटत नाही. पुस्तक वाचताना ज्याला आपली शाळा, आपला कंदील, आपल्या अंगणात बसलेला म्हातारा दिसला, त्याचा त्या पुस्तकावर हक्क असतोच.

औंध संस्थान हा आबांच्या गोष्टींचा मोठा खजिना होता. कडेगाव इंग्रजी अमलातलं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं. पण जवळचं कुंडल औंधच्या राजाचं आणि आटपाडीही राजाचीच. मधली हद्द डोळ्यांना दिसत नसे, पण माणसांना ती पक्की माहीत असायची. बेचाळीसच्या चळवळीत नाना पाटलांच्या प्रतिसरकारची माणसं पोलिसांनी पाठ धरली की संस्थानच्या हद्दीत शिरत, हे आबा हातवारे करून सांगत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. शाळेत आले की आधी पोरांना नमस्कार घालायला लावायचे आणि मग अभ्यासाचं विचारायचे. १९३९ साली त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिचा मसुदा करण्यात महात्मा गांधींचा हात होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरचा त्यात पुढाकार होता. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करायची आणि बायकापोरांसह राहायचं. “खुनी मानूस रानात खुरपं घेऊन बसलेला मी बघितलाय,” आबा सांगायचे, आणि आज्जी दर वेळी त्यांना विचारायची की मग तो पळून का गेला नाही.

या संस्थानात दिगंबर माडगूळकर कारकून होते. त्यांचा थोरला मुलगा गजानन १९१९चा, आणि व्यंकटेश १९२७चा. पुढं सगळा महाराष्ट्र त्यांना गदिमा आणि तात्या म्हणू लागला. गदिमांचं शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंधला झालं. मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि ते कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत शिरले. तिथं काही काळ ते वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. खांडेकरही सांगलीचेच. कादंबरीकार म्हणून नाव झालेला हा माणूस १९३६ साली ‘छाया’पासून पटकथा लिहू लागला. मराठी साहित्यिकानं सिनेमासाठी लिहिणं तेव्हा अनेकांना कमीपणाचं वाटत असे. खांडेकर सांगत आणि गदिमा उतरवून घेत. पटकथेत प्रसंग कुठं सुरू करायचा, कुठं तोडायचा, पात्राला किती बोलू द्यायचं, हे या तरुणाच्या हाताखालून गेलं. एका सांगलीकराकडून दुसऱ्याकडं आलेली ही विद्या पुढं धाकट्या भावापर्यंत पोचली, असं मला वाटतं. आमच्या भागाच्या इतिहासात ही साखळी कुणी फारशी सांगत नाही. साखर कारखान्यांचा इतिहास सांगतात, कुस्तीचा सांगतात. हाही सांगायला हवा.

स्वतंत्रपूर गदिमांच्या मनात राहिलं होतं. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’साठी त्यांनी कथा लिहिली ती त्या वसाहतीवरून. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. १९५७ साली हा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो गौरवला गेला. आटपाडीच्या माळावरची गोष्ट बर्लिनला गेली. आबांना त्यातलं बर्लिन महत्त्वाचं नव्हतं. आपण डोळ्यांनी पाहिलेली वसाहत शांतारामांनी सिनेमात घातली, एवढ्यानं त्यांची छाती फुगायची.

आज्जीचा सिनेमा वेगळा होता. तिला बर्लिन माहीत नव्हतं आणि ‘बनगरवाडी’ तिनं वाचली नव्हती, कारण तिला वाचताच येत नव्हतं. तिला माहीत होता तंबू. पावसाळा उलगडला की टूरिंग टॉकीजवाले गावोगाव फिरू लागायचे. दिवसा बैलगाडीला पोस्टरं लावून, कर्णा बांधून गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून फेरी निघायची. फिल्मच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. संध्याकाळी तंबूच्या खांबावरच्या भोंग्यातून गाणी सुरू झाली की बायका भाकरी लवकर थापायच्या. पुढं जमिनीवर बसणारे, मागं खुर्च्या, बायकांची बाजू कापडानं वेगळी केलेली. यंत्र एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवे लागायचे, शेंगावाला आत यायचा आणि पाटलानं पुढं काय केलं असेल यावर बायकांची चर्चा व्हायची. आज्जी म्हणायची, खरी मजा त्या दिव्याच्या वेळेतच होती.

त्या तंबूत आज्जीनं ‘सांगत्ये ऐका’ पाहिला. अनंत माने यांचा १९५९चा चित्रपट. पुण्यात विजयानंदला तो शंभराहून जास्त आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर, सुलोचना, चंद्रकांत, सूर्यकांत. गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. आणि पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे. आज्जीला अर्थात लेखक कोण हे ठाऊक नव्हतं. पण संवाद तिला तोंडपाठ होते, आणि भांडणात ती ते वापरायची. चुलत्यांशी बांधावरून वाद झाला की चित्रपटातल्या बाईसारखी कमरेला पदर खोचून ती जे बोलायची, ते माडगूळकरांचं आहे हे मला फार पुढं कळलं.

शर्यतीचे बैल, उन्मत्त पाटील, नासलेला संसार, तमाशाची बारी, पुढच्या पिढीनं मागितलेला हिशेब. त्यानंतर वर्षानुवर्षं मराठी पडद्यावरचं खेडं याच सामानानं उभं राहत गेलं. ‘सांगत्ये ऐका’त ते सामान ताजं होतं, त्यात ताकद होती, बोली खरी होती. नंतरच्या चित्रपटांनी त्यातून पाटील आणि फड तेवढे उचलले आणि बोली सोडून दिली. शहरातल्या माणसाला ग्रामीण चित्रपट म्हटलं की फेटा, मिशी आणि ढोलकी आठवते, ते तिथून.

आमच्या रानात दरसाल मेंढरं बसवणारा एक म्हातारा धनगर होता. आबांनी त्याला एकदा तंबूत नेलं होतं. सिनेमा संपल्यावर आबांनी विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, “ब्येस हाय. समदं व्हतं. पर मेंढरू एकबी न्हवतं.”

आबा हे वाक्य आयुष्यभर सांगत राहिले. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. पण त्या धनगरानं नेमकं बोट ठेवलं होतं. ज्यानं ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा लिहिली, त्याच माणसानं चार वर्षं आधी, १९५५ साली, ‘बनगरवाडी’ लिहिली होती. तिच्यात मेंढरं आहेत, त्यांच्या लेंड्यांचा वास आहे, वाघर आहे, कांबळं आहे, पाऊस न आल्यावर आभाळाकडं बघणारी माणसं आहेत. ती कादंबरी परभाषांत गेली. राम देशमुखांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९५८ सालीच निघालं. म्हणजे तात्या अनंत मान्यांसाठी पटकथा लिहीत होते, तेव्हा बनगरवाडी इंग्रजी वाचकाच्या हातात पडलेली होती. पडद्यावर यायला मात्र तिला चाळीस वर्षं लागली.

का लागली, याचा मी बराच विचार केला आहे. उत्तर कादंबरीतच आहे असं मला वाटतं. बनगरवाडीत खलनायक नाही. दादू बालट्यासारखा खोड्याळ माणूस आहे, पण वाडी उठते ती त्याच्यामुळं नाही. आनंदा रामोशी चोर आहे, तरी वाचकाचा जीव त्याच्यावर जडतो. नायिका नाही, म्हणजे सिनेमावाले ज्याला नायिका म्हणतात तशी नाही. वाडीवर एक मास्तर येतो, शाळा भरते, लोकवर्गणीनं आणि अंगमेहनतीनं तालीम उभी राहते, राजेसाहेब येऊन जातात, आणि मग दुष्काळ येतो. माणसं मेंढरं घेऊन जगायला निघून जातात. वाडी रिकामी होते, शाळा बंद पडते. तंबूतल्या प्रेक्षकाला दिवे लागल्यावर बोलायला यात काय मिळणार, असा विचार पैसे घालणाऱ्यानं केला तर त्याला दोष देता येत नाही. पाऊस न पडणं हेच जिचं कथानक आहे, ती गोष्ट तिकीटबारीवर उभी करणं अवघडच.

तात्यांनी या काळात चित्रपटांसाठी लिहिलं, नाटकं लिहिली, १९५५पासून पुणे आकाशवाणीवर ग्रामीण विभाग सांभाळला. शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत रोज बोलायचं, हे रेडिओचं काम आणि पटकथेचं काम मला एकाच जातीचं वाटतं. दोन्हींकडं वाक्य कानाला पटावं लागतं. त्यांना मुळात चित्रकार व्हायचं होतं, त्यामुळं डोळा आधीच तयार होता. ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं. त्यातली माणसं आधी दिसतात आणि मग बोलतात. चालणं, बसणं, पागोट्याचा रंग, बोलण्याआधी थुंकण्याची लकब. पटकथालेखकाला ज्या दोन गोष्टी लागतात, त्या या माणसाकडं त्याच्या मुलखातूनच आल्या होत्या. एक, बघणं, आणि दुसरी, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं तोंड मिटून ऐकून घेणं. मास्तर सबंध कादंबरीभर बोलतो कमी, ऐकतो जास्त.

या कादंबरीतला एक प्रसंग आबा आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेकूचा बैल मरतो. पेरणी तर करायची आहे. मग त्याची बायको जोताला खांदा देते. माडगूळकरांनी तिथं एकही मोठा शब्द वापरलेला नाही, हुंदका नाही, उद्गार नाही. आबांचा आवाज तरी तिथं आल्यावर जड व्हायचा. आज्जी चुलीपुढून ऐकत असायची. एकदा ती मागं न वळता म्हणाली, “त्यात काय लिवायचं? म्या बी वढलंय.” आबा थांबले. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. लग्नाआधीचं, तिच्या माहेरचं, कुठल्याशा दुष्काळातलं ते होतं. त्या रात्री आज्जीनं पहिल्यांदा स्वतःची गोष्ट सांगितली. त्याआधी ती फक्त सिनेमांच्या गोष्टी सांगायची.

१९९५ साली अमोल पालेकरांनी ‘बनगरवाडी’ केला. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा आणि दूरदर्शनचा. पटकथा खुद्द व्यंकटेश माडगूळकरांची, वयाच्या सत्तरीजवळ लिहिलेली. चंद्रकांत कुलकर्णी मास्तर झाले. कारभाऱ्याच्या भूमिकेत होते चंद्रकांत मांडरे. ‘सांगत्ये ऐका’तला आज्जीचा तरणाबांड चंद्रकांत तो हाच. एकाच लेखकाच्या दोन पटकथांत, छत्तीस वर्षांच्या अंतरानं, तोच नट उभा राहिला. पहिल्यात त्याच्या भोवती तमाशाचा चित्रपट होता. दुसऱ्यात त्याच्या खांद्यावर घोंगडं आणि समोर उजाड माळ. मराठी सिनेमानं मधल्या काळात केलेला सगळा प्रवास त्या एका चेहऱ्यावर वाचता येतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘बनगरवाडी’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

आबांनी तो घरात टीव्हीवर पाहिला. पूर्ण वेळ ताठ बसून, कुणी बोललं तर हातानं गप्प करत. मला भीती होती की ‘मीच तो मास्तर’ म्हणणाऱ्या माणसाला पडद्यावरचा मास्तर परका वाटेल. पुस्तकातला मास्तर ‘मी’ म्हणून बोलतो. त्या ‘मी’त वाचणारा कुणीही स्वतःला बसवू शकतो. पडद्यावर त्या जागी एक ठरावीक चेहरा येतो. कादंबरी सिनेमात जाते तेव्हा हे नुकसान होतंच, आणि लेखकानं स्वतः पटकथा लिहिली तरी ते टळत नाही. पण आबा मास्तराकडं बघतच नव्हते. कळप दिसला की ते पुढं सरकायचे. एकदा म्हणाले, “आता मेंढरं आली बघ.” तो म्हातारा धनगर तोवर गेला होता. असता तर आबांनी त्याला नक्की घरी बोलावलं असतं.

माझ्या मते चित्रपटाला कादंबरीपेक्षा एक गोष्ट जास्त साधली. माळाची लांबी. पुस्तकात मास्तर पहाटे चालत निघतो आणि थोड्या ओळींत वाडीशी पोचतो. वाचणारा शहरातला असेल तर त्याला ते अंतर उमगत नाही. आमच्या भागातला माणूस तेवढं चालून आलेला असतो, म्हणून त्याला ओळी पुरतात. बाकीच्यांना माळ डोळ्यांनी बघावा लागतो. आता तर आमच्याच पोरांनाही बघावा लागेल. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी कडेगावावरून थेट आटपाडीपर्यंत नेलं आहे. जिथं बाजरी जेमतेम यायची तिथं डाळिंबाच्या बागा आहेत. हे पाणी यावं म्हणून या मुलखानं फार वर्षं वाट पाहिली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. बनगरवाडी उठली तसं कुठलं गाव पुन्हा उठू नये.

बनगरवाडीनंतर ‘वावटळ’ही आजच्या पडद्यावर यावी असं मला फार वाटतं. १९६४ची ही तात्यांची कादंबरी. गांधीजींची हत्या झाल्यावर पुण्यातून गावाकडं निघालेल्या ब्राह्मण तरुणांची, आणि गावागावांतून पेटत गेलेल्या घरांची. माडगूळचं तात्यांचं घरही त्या जाळपोळीत जळालं. आमच्याकडचे म्हातारे त्याला ‘जळीत’ म्हणत आणि साल सांगायचं झालं की ‘जळिताच्या आधी’, ‘जळिताच्या मागनं’ असं सांगत. आज्जीच्या सासूनं शेजारच्या वाड्यातली तांब्यापितळेची भांडी रातोरात आमच्या परड्यात पुरली होती, आणि दोन महिन्यांनी ती माणसं परत आली तेव्हा मोजून दिली. पण घर कुणी पेटवलं हे आबांनी कधी सांगितलं नाही. बाकी साऱ्या गोष्टींत नावगाव, बापाचं नाव, गल्ली सांगणारे आबा या एका गोष्टीत ‘माणसं आली’ एवढंच म्हणायचे. मी मोठा झाल्यावर खोदून विचारलं, तर म्हणाले, “त्येंची नातवंडं तुझ्या वर्गात हुती.”

‘वावटळ’मध्येही तात्यांनी कुणाला राक्षस केलेलं नाही. ज्याचं घर जळालं त्यानं इतक्या थंड हातानं लिहावं, याचं मला दर वाचनात नवल वाटतं. बनगरवाडीसारखीच तीही रस्त्याची गोष्ट आहे, चालणाऱ्या माणसांची, वाटेत भेटणाऱ्यांची. पटकथेला याहून सोयीचा आकार कुठला? कुणा तरुण दिग्दर्शकानं ती हातात घ्यावी. संवादांसाठी आधी कडेगाव, विटा, आटपाडीच्या बाजूला येऊन बसावं. ज्यांनी ते जळीत पोरवयात पाहिलं, ती माणसं आता नव्वदीला आली आहेत. अजून काही जण बोलतात. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं परवाच मला त्या रात्रीचं सांगायला सुरुवात केली. कुठल्या विहिरीवर कोण उभं होतं, कुणाच्या पोराला ताप होता, गायी कुणी सोडल्या. ती दमली म्हणून थांबली, उरलेलं सोमवारी ये म्हणाली. मी वही घेऊन जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर त्यानं यावं.